यजमानानं बसायचं नसतं

मित्रोवदानच्या, म्हणजे संत दिमित्रीच्या दिवसाच्या, सकाळी फाटकाची कडी वाजली आणि मिलुंकाच्या हातातली पळी सुपाच्या पातेल्यावर तशीच अधांतरी राहिली.

"रुझित्सा, इकडे ये. मला जे दिसतंय तेच तुला दिसतंय का सांग."

रुझित्सानं ओले हात पुसत खिडकीतून पाहिलं. अंगणातून तिचा काका येत होता. अंगात लांब काळा कोट, हातात बाटली, आणि बुटांना चिखल लागू नये म्हणून पावलं इतकी जपून टाकत होता, की या माणसाचं बालपण याच चिखलात गेलं हे कुणाला खरं वाटलं नसतं.

"बोराकाका," ती म्हणाली. "टीव्हीवर उंच दिसतात."

"एकटेच आहेत?"

"एकटेच."

"मागे कॅमेरा वगैरे?"

"आई, हातात बाटली आहे. बाटली."

वेलिबोर पाउनोविच. नट होता तो; बेलग्रेडमध्ये लोक त्याला रस्त्यात थांबवून हात मिळवायचे. अरिल्येच्या बाजारात त्याच्या नावावर त्याच्या भावजयीला भाजीवाले दोन बटाटे जास्त घालायचे. पण जन्मघरी तो तीस वर्षांत स्लावाला आला नव्हता. दरवर्षी त्याचा फोन यायचा, दरवर्षी नेमका त्या दिवशी त्याचा प्रयोग असायचा, आणि दरवर्षी त्याचा मोठा भाऊ स्रेतेन फोन बायकोच्या हातात कोंबून गोठ्याकडे चालता व्हायचा.

स्लावाला आमच्याकडे कुणी कुणाला बोलावत नाही. घराच्या संताचा दिवस सगळ्यांना ठाऊक असतो, ज्याला यायचं तो येतो. आलेल्याला ‘का आलात’ असं विचारायचं नसतं, विचारलं तर घराचं नाक कापलं जातं. त्यामुळे त्या सकाळी पाउनोविचांच्या घरात प्रत्येकाच्या पोटात एकच प्रश्न आणि प्रत्येकाच्या तोंडाला कुलूप, अशी गंमत झाली होती.

वेलिबोर आत आला. पूर्वेच्या भिंतीवरच्या संत दिमित्रीच्या तसबिरीसमोर उभं राहून त्यानं छातीवर क्रुसाची खूण केली, ताटातल्या उकडलेल्या गोड गव्हाचा एक चमचा तोंडात टाकला आणि भावाकडे वळला.

"स्लावाच्या शुभेच्छा, यजमान."

स्रेतेन मेणबत्तीपाशी काठीच्या आधारानं उभा होता. उन्हाळ्यात तो आलुबुखाराच्या झाडावरून पडला, खुबा मोडला, उझित्सेच्या इस्पितळात आत लोखंड बसवलं. त्यानं मेणबत्तीची वात नीट आहे का ते पाहिलं, नीटच होती, तरी पाहत राहिला.

"या भाऊजी," मिलुंका मधे पडून म्हणाली. "बसा. थकला असाल."

"बसतो की," वेलिबोर म्हणाला आणि बसला नाही.

—

स्वयंपाकघरात दार लावून घेतल्याबरोबर कुलपं उघडली.

"आजारी असणार," मिलुंका म्हणाली. "रंग बघितलास चेहऱ्याचा? माणूस मरायच्या आधी घर आठवतं."

"मरतोय कसला!" विदा आत्या म्हणाली. विदोसावा ही दोघा भावांची थोरली बहीण, काल पोझेगाहून बसनं आलेली, आणि आल्यापासून सगळ्या पदार्थांत मीठ कमी आहे असं सांगत फिरणारी. "लहानपणापासून ओळखते मी त्याला. बोरा कधी रिकाम्या हातानं परत गेलेला नाही. काहीतरी न्यायला आलाय."

"काय न्यायचं इथून? रासबेरीचं शेत? त्याला रासबेरी आणि तुती यातला फरक कळत नाही."

विदा आत्यानं भाचीकडे पाहिलं. रुझित्सा कोबीच्या पानांत गुंडाळलेल्या खिम्याचे सारमे पातेल्यात रचत होती, आणि गरजेपेक्षा जास्त दाबून रचत होती.

"हिला विचार. हिला माहीत आहे," आत्या म्हणाली.

रुझित्साला माहीत होतंच. बाबांनी इस्पितळातून आल्यावर सांगितलं होतं, पुढच्या वर्षी मी उभा राहू शकेन असं वाटत नाही, या मित्रोवदानला स्लावा सोपवून टाकीन. कुणाला, ते सांगितलं नव्हतं. आज पाव कापताना पाद्रीबाबा ज्याचं नाव घेतील तो या घराचा यजमान. स्लावा बापाकडून मुलाकडे जाते. स्रेतेनला मुलगा नाही. मुलगी आहे, ती गुरांची डॉक्टर आहे, नवऱ्यापासून वेगळी होऊन माहेरचं आडनाव परत लावते, गेली दोन वर्षं स्लावाचा पाव स्वतः मळते. पण मुलगी ती मुलगी. आणि आज नेमका बापाचा सख्खा भाऊ, पुरुष, पाउनोविच, दारात उभा राहिला होता.

"त्यांना स्लावा हवी असेल," रुझित्सा म्हणाली. "घेतील आणि तसबीर बेलग्रेडच्या फ्लॅटमध्ये नेऊन टांगतील. मग मित्रोवदानला या घराचं फाटक बंद."

"रीतच आहे ती," मिलुंका हळूच म्हणाली. "मी का ठरवली? भाऊजी पुरुष आहेत."

"रीत!" आत्या फिसकन हसली. "माझं लग्न झालं तेव्हा मला रीत म्हणून नवऱ्याचा संत निकोला दिला. जन्मभर त्याच्यासमोर मेणबत्ती लावली, मासे तळले, बिचाऱ्यानं कधी तक्रार केली नाही. पण नोव्हेंबर आला की माझ्या पोटात मित्रोवदानच उठतो. रीतीला कुठे पोट असतं?"

"मग तुम्ही माझ्या बाजूनं आहात का, आत्या?"

"अजून कुणाच्या बाजूनं नाही. आधी तो कशाला आलाय ते कळू दे," असं म्हणून आत्यानं सुपात मीठ टाकलं.

—

दुपार व्हायच्या आत अंगण भरलं. स्रेतेन उभा होता. स्लावाला यजमानानं बसायचं नसतं. पाहुणे बसतात, खातात, पितात, आणि यजमान त्यांच्या पाठीशी उभा राहून प्याले भरतो. पहिले चौघे आले तेव्हा तो काठी भिंतीला टेकवून ताटली धरून उभा होता. पाचव्याला प्याला देताना ताटली कलली, आणि स्रेतेन खिडकीजवळच्या खुर्चीवर बसला. बसला म्हणजे कोसळलाच.

सगळ्यांनी एकदम सुपाकडे लक्ष दिलं.

ताटली जमिनीवर पडली नव्हती. ती वेलिबोरच्या हातात होती. कधी पुढे झाला कुणाला कळलं नाही. कोट त्यानं कधीच काढून ठेवला होता. तो मिलोयेकडे, म्हणजे निवृत्त पोस्टमास्तरकडे वळला, डावा हात पाठीमागे घेतला, घशातल्या घशात ‘हं’ केलं आणि प्याला काठोकाठ भरला. एक थेंब सांडला नाही.

स्रेतेनच्या कानशिलात रक्त चढलं. तो पाठीमागे घेतलेला हात आबांचा, त्या दोघांच्या वडिलांचा होता. ते ‘हं’सुद्धा आबांचं.

हेच सगळं बोरानं एकदा चोरलं होतं. त्याआधीची वर्षं बोरा नुसताच मरायचा. युद्धाच्या सिनेमांत कधी जर्मन म्हणून मरायचा, कधी जर्मनांच्या गोळीनं मरायचा, एका सिनेमात तर दोन्ही बाजूंनी मेला, आणि आई प्रत्येक वेळी गावच्या थिएटरात रडायची. घरून पळून नाट्यशाळेत गेलेल्या पोराला मरायचेच पैसे मिळतात, असं आबा म्हणायचे. मग तो विनोदी सिनेमा आला. त्यात एक खेडूत यजमान, छप्पर उडून गेलं तरी पाहुण्यांना सुपाचा आग्रह करणारा. ‘बसा, बसा, मी आहे ना उभा!’ असं तो म्हणायचा. ते वाक्य आबांचं, टोपी आबांची, चाल आबांची. अख्खा देश हसला. बसचे कंडक्टर, शाळेतली पोरं, बाजारातल्या बायका, सगळे ‘मी आहे ना उभा’ म्हणू लागले. त्या वर्षी स्लावाला आबा नेहमीसारखे म्हणाले, "बसा, बसा," आणि टेबलाच्या टोकाला कुणीतरी फसकन हसलं. आबांनी ताटली टेबलावर ठेवली आणि गोठ्यात निघून गेले. ती ताटली स्रेतेननं उचलली. नंतर बोराला निरोप धाडला, पुन्हा स्लावाला येऊ नकोस. आबांना न विचारता धाडला, आणि त्याचं त्याला कधी वाईट वाटलं नाही.

आता तीच ताटली घेऊन तो फिरत होता. जे तेव्हा हसले होते त्यांतले दोघे-तिघे याच टेबलावर म्हातारे होऊन बसले होते. स्रेतेन त्यांच्याकडे टक लावून पाहत राहिला. हसा आता, हसून दाखवा. पण कुणी हसलं नाही. मिलोयेनं प्याला घेतला आणि उगाचच अर्धा उठल्यासारखा होऊन पुन्हा बसला.

—

बातमी गावात पसरायला काय लागतं! तासाभरात जे दरवर्षी येत नाहीत तेही आले. पाउनोविचांचा बोरा पाहुण्यांना वाढतोय, चला बघायला.

"डॉक्टरसाहेब!" स्तामेन्काआजी आल्या आल्या ओरडली. टीव्हीवरच्या मालिकेत वेलिबोर सात वर्षं हृदयाचा डॉक्टर होता. "माझा हा गुडघा बघा हो. तुम्ही त्या मंत्र्याला वाचवलंत तेव्हापासून म्हणतेय, यांनाच दाखवायचा."

"आजी, मी हृदयाचा," वेलिबोर गंभीरपणे म्हणाला. "गुडघ्याचं माझ्या पुतणीला विचारा. ती गाईंचे गुडघे बघते, तुमचे त्याहून नाजूक आहेत."

टेबल गडगडून हसलं. आजी लाजली आणि तिनं त्याच आनंदात दोन सारमे जास्त खाल्ले.

"बोरा, त्या वाईट दिवसांत तू इकडे कुठे नाटक घेऊन आला होतास ना?" मिलोयेनं विचारलं. "पगार नव्हते तेव्हा?"

"इवानित्सात. तिकिटाच्या पैशांत पेट्रोल येईना, म्हणून लोकांनी अंडी आणली. राजाचं काम करत होतो. मुकुट काढला आणि त्यातच अंडी ठेवून घरी गेलो."

"आणि आता कुठलं काम चाललंय?"

वेलिबोरनं बाटली उचलली. "आता तुझा प्याला रिकामा आहे, मिलोये, ते काम चाललंय."

रुझित्सा दारातून बघत होती. सकाळपासून तिचा तोच उद्योग झाला होता. गाय आजारी असली की ती आधी नुसतीच उभी राहून बघते, कुठल्या पायावर भार देत नाही, कान कुठे वळतो. तसंच ती काकाला बघत होती. अभिनय कुठे संपतो आणि माणूस कुठे सुरू होतो तो सांधा शोधत होती. तिला राग यायला हवा होता. येतही होता. पण त्याच्याहून जास्त कुतूहल होतं, आणि त्याचाच तिला राग येत होता.

एक गोष्ट तिला दिसली. मिलोयेच्या शेवटच्या प्रश्नाला त्यानं उत्तर दिलं नव्हतं.

—

वेलिबोर तिला सरपणाच्या ढिगापाशी भेटला. बसला नव्हता. भिंतीला पाठ टेकून एकेक पाय उचलून झटकत होता.

"बूट काढा थोडा वेळ," ती म्हणाली.

"काढले तर परत चढणार नाहीत." तो हसला. "तू सकाळपासून काय बघतेयस? मी बाजारातला बैल असल्यासारखी."

"खरं सांगू? हे सगळं तुम्ही करताय की तुमच्याकडून होतंय, ते बघतेय."

"मग? काय दिसलं?"

"नाही कळलं."

"मलाही नाही कळलेलं," वेलिबोर म्हणाला. "मी तेच बघायला आलो."

रुझित्सानं एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि घराचं नाक कापायचं ठरवलं.

"काका, तुम्ही कशाला आलात?"

त्यानं खिशातून सिगारेटचं पाकीट काढलं, उघडलं, बंद केलं.

"मागच्या महिन्यात प्रयोग चालू होता. दोनशेवा की काय. माझं वाक्य होतं, आणि ते नव्हतं. डोक्यात हात घातला तर रिकामं. प्रॉम्प्टर बाई विंगेतून सांगत होती, मला तिचे ओठ दिसत होते, शब्द कळत नव्हते. समोरच्या नटीनं सांभाळून घेतलं. पुढच्या प्रयोगाला पुन्हा तेच. मग नाटकमंडळींनी मोठा हार घातला, म्हणाले, साहेब, आता विश्रांती घ्या."

"डॉक्टरना दाखवलंत?"

"दाखवलं. ते म्हणाले वय. मीही मालिकेत हेच सांगायचो लोकांना." त्यानं पाकीट परत खिशात ठेवलं. "आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेलं बोललो, रुझित्सा. ते गेल्यावर मला भीती वाटली. म्हटलं, कुणी न सांगता मला येतं असं काही आहे का ते तरी बघावं. विचार करून करून एकच सापडलं. ताटली धरून उभं राहणं. ते मला कुणी शिकवलं नाही, आणि विसरायचं ठरवलं तरी विसरता आलं नाही."

हा माणूस खोटं बोलत असेल तर फार चांगलं बोलत होता, आणि खरं बोलत असेल तरी तिचं काम कठीणच होतं.

"मग स्लावा तुम्हालाच हवी असेल," ती म्हणाली.

"तुला हवी आहे का?"

"हो."

"दादाला सांगितलंस?"

"पोरीनं मागायची असते का ती?"

"मला काय माहीत? मी तर मागितलीच नाही कधी, आणि बघ, सगळं गाव मला द्यायला निघालंय." तो पुन्हा हसला, पण या वेळी नीट नाही. "ती दिली तर नाही म्हणवणार नाही गं मला. खोटं कशाला सांगू? आज सकाळपासून मी एकदाही चुकलो नाही."

आतून हाका येऊ लागल्या. जेवणानंतरचा प्याला उचलायची वेळ झाली होती. विदा आत्या दारातच उभी होती. किती वेळ उभी होती ते तिनं सांगितलं नाही. वेलिबोर आत गेल्यावर तिनं भाचीचा दंड धरला.

"तुझे आजोबा तो सिनेमा बघायला गेले होते, माहीत आहे? पोझेगाला. माझ्याकडेच उतरले. परत आल्यावर मी विचारलं, आबा, कसा वाटला? म्हणाले, ‘पोरानं टोपी फार मागे घातलीय.’"

"एवढंच? रागावले नाहीत?"

"तेच तर आजपर्यंत कळलं नाही. राग होता की कौतुक. म्हातारा गेला तसाच, आणि हे दोघे भांडत बसले." आत्यानं डोळे पुसले, मग स्वतःवरच चिडून म्हणाली, "आज बोरा ‘हं’ म्हणाला ना, मला वाटलं आबाच आत आले. मी त्याच्या बाजूची होत चालले होते. पण त्याच्यामागे हे घर बंद पडणार असेल तर नको. मी तुझ्या बाजूची."

—

सगळे उभे राहिले. स्रेतेनही काठीवर भार देऊन उभा राहिला, जेमतेम. यजमानाचा प्याला वेलिबोरच्या हातात होता. घरचं बोलणं ठरलेलं असतं, आबांचं होतं तेच स्रेतेन दरवर्षी म्हणायचा.

"पहिला प्याला देवाच्या गौरवासाठी," वेलिबोर म्हणाला, आणि त्या आवाजानं खोलीतली पोरंसुद्धा गप्प झाली. "दुसरा आमच्या संतासाठी, जो या घरावर नजर ठेवून आहे. तिसरा..."

तो थांबला.

त्यानं मान किंचित वर केली. नजर मेणबत्तीवर होती. खोली त्याच्याबरोबर थांबली. स्तामेन्काआजीनं हात छातीवर ठेवला. मिलोये शेजाऱ्याच्या कानात कुजबुजला, "काय थांबलाय बघ! याला म्हणतात नट!"

स्रेतेनलाही तसंच वाटलं. थिएटर समजतो हा माझं घर, त्याच्या मनात आलं. दोन मिनिटं तरी नाटक सोडवत नाही.

रुझित्सानं मात्र त्याचा अंगठा पाहिला. प्याल्याच्या दांड्यावर तो पांढराफटक पडला होता. तिला कळलं, तिथे काही नाही. तो डोक्यात हात घालून उभा आहे आणि हाताला काही लागत नाही. एवढ्या गर्दीत ते फक्त तिला माहीत होतं. ती नुसती गप्प राहिली असती, तरी बस होतं. तिचं काम आपोआप झालं असतं. पुढच्या क्षणी लोकांना कळलं असतं, टेबलाच्या टोकाला कुणीतरी चुळबुळलं असतं, आणि आजोबांच्या वेळी झालं तेच पुन्हा झालं असतं.

"तिसरा ज्यांचे पाय या उंबऱ्याला लागले त्यांच्यासाठी," ती पुढे होऊन मोठ्यानं म्हणाली. "आणि जे वाटेत आहेत त्यांच्यासाठी. दार उघडं आहे, अन्न गरम आहे. संत दिमित्री, आमच्यापैकी एकाला तरी दरवर्षी उभा ठेव."

"उभा ठेव!" सगळे म्हणाले आणि प्याले रिकामे झाले. लोकांना वाटलं, काका-पुतणीनं आधीच ठरवलं असणार. छान बसवलं होतं, असंही कुणीतरी म्हणालं.

वेलिबोरनं पुतणीकडे पाहिलं. आभाराचं पाहणं नव्हतं ते. आपल्याला हवी ती भूमिका दुसऱ्याकडे गेली, आणि त्याला ती जास्त चांगली येते, हे ओळखल्यावर नट ज्या नजरेनं बघतो तसं त्यानं पाहिलं.

—

पाद्रीबाबा आले तेव्हा उजेड कलला होता. त्यांची ही त्या दिवसातली कितवी स्लावा होती देव जाणे, दाढीला पाच घरच्या अक्रोडांचा चुरा होता. त्यांनी धूप फिरवला, प्रार्थना म्हटली, पाव हातात घेऊन उलटा केला आणि सुरी मागितली.

"यजमान म्हणून कुणाचं नाव घेऊ?"

स्रेतेन खुर्चीत बसला होता. त्यानं रात्री मनाशी काहीतरी ठरवलं होतं. आता ते आठवेनासं झालं, कारण खोली एकदम बोलू लागली.

"विचारायचं काय त्यात?" मिलोये म्हणाला. "बोरा! सकाळपासून दुसरं कोण उभं आहे?"

"बापाची सावलीच आहे हो," स्तामेन्काआजी म्हणाली.

"भाऊजींचंच घ्या," मिलुंका म्हणाली, आणि मुलीकडे न बघता म्हणाली.

"आणि पोरीचं काय?" विदा आत्यानं विचारलं.

"पोरीचं काय काय? पोरीची स्लावा कुठे ऐकली आहे का?" मिलोये म्हणाला.

"मी ऐकलीय! आत्ता मघाशी ऐकली, तुझे कान सुपात होते का?"

स्रेतेननं मान खाली घातली. गाव म्हणतंय, बायको म्हणतेय, रीतही तेच म्हणतेय. तीस वर्षं त्यानं हे घर उभं ठेवलं, आणि आता ज्यानं ते हसण्यावारी नेलं त्याच्याच हातात ते जाणार. भावाची त्याला असूया वाटली, उघड उघड, पोरासारखी. हा एक दिवस उभा राहतो आणि लोक त्याला डोक्यावर घेतात. नाही कसं म्हणायचं? त्यानं तोंड उघडलं.

तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

वेलिबोरनं टेबलाखालची एक रिकामी खुर्ची ओढली, खिडकीजवळ, भावाच्या खुर्चीला लागून ठेवली, आणि तो बसला. सगळ्यांच्या देखत, मेणबत्ती जळत असताना, पाव कापायच्या आधी. नुसता टेकला नाही. पाय लांब केले, पाठ टेकवली, आणि बाजारहाट करून आलेल्या म्हाताऱ्यासारखा सुस्कारा सोडला.

"भाऊजी!" मिलुंका कळवळून म्हणाली. "बसलात काय?"

"पाय गेले वहिनी," वेलिबोर म्हणाला. "पाहुणा आहे मी. पाहुण्यानं किती उभं राहायचं?"

पोस्टमास्तर त्याच्याकडे बघत राहिला, पाद्रीबाबा सुरी धरून बघत राहिले. मग हळूहळू सगळ्यांचे डोळे वर झाले आणि खोलीत शोधू लागले. पाउनोविचांपैकी आता एकच जण उभं होतं. तिच्या अंगात कणकेचे डाग पडलेला ॲप्रन होता, आणि हात कुठे ठेवावेत ते तिला कळत नव्हतं.

स्रेतेननं शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. बोराच्या कपाळावर घाम होता, आणि तोंडावर काहीच नव्हतं. सिनेमातलं नाही, नाटकातलं नाही, आबांचंही नाही. लोक टाळ्यांसाठी हात वर करून बसलेले असताना हा आपणहून उतरला होता. हे स्रेतेननं त्याला आयुष्यात कधी करताना पाहिलं नव्हतं.

"नाव?" पाद्रीबाबांनी पुन्हा विचारलं.

"रुझित्सा," स्रेतेन म्हणाला. "माझी मुलगी. रुझित्सा पाउनोविच म्हणा, पूर्ण म्हणा."

"पोरीचं?"

"बहिरे झालात का पाद्रीबाबा? कापा पाव."

विदा आत्या एवढ्या मोठ्यानं रडली की मिलुंकाला तिच्या पाठीवरून हात फिरवावा लागला, आणि फिरवता फिरवता तीही रडू लागली. पाद्रीबाबांनी खांदे उडवले, पावाला खालून आडवा-उभा छेद दिला, त्यावर लाल वाईन ओतली आणि एक बाजू रुझित्साच्या पुढे धरली. दोघांनी मिळून तो वर्तुळात फिरवायचा असतो. रुझित्सा पुढे आली, पण काकाचे लांब केलेले पाय वाटेत होते. ती थांबली.

तेव्हा स्रेतेन भावाकडे वळला. सकाळपासून, तसं म्हटलं तर त्या निरोपापासून, तो त्याच्याशी एक शब्द बोलला नव्हता.

"बोरा," तो म्हणाला, "पाय आवर. यजमानाला फिरायला जागा दे."

वेलिबोरनं पाय आवरले. पुतणी पुढे गेली आणि पाव फिरू लागला.